पावणी

मंगळवारी साडेदहाला आम्ही राज्यासाठी कर्ज काढतो.
आम्ही म्हणजे पर्वरीच्या दुसऱ्या मजल्यावरचे चौघं
आणि एक खिडकी, जी उघडत नाही.
दीडशे कोटी, दहा वर्षं. बोली मुंबईत लागते,
दुपारी आकडा येतो: सात पूर्णांक आणि पुढे शेपूट.
शेपटाकडे बघून साहेब कधी "बरं" म्हणतात, कधी चहा मागवतात.
मी तारीख घालते.
कुणी ओरडत नाही.

दुर्भाटच्या पावणीत ओरडायचे.
पावणी म्हणजे लिलाव, मानशीचा;
ओहोटीला बांधाचं दार उघडलं की तिथे जाळं लावायचा हक्क,
वर्षभराचा.
कायतान आणि वेंकू केरकर शंभर-शंभरानं एकमेकांवर चढायचे,
कोमुनिदादीच्या पायऱ्यांवर पोरं दोघांच्या बाजूंनी,
आणि ज्यांचा सौदा चालला ती सुंगटं
अजून झुआरीत, बिनधास्त.

फोंदूकाका एस्क्रिव्हांव. लाल रेघांच्या वहीत लिहायचे,
आणि खर्चाला क्रम असायचा.
आधी बांध: चिखल, पेंढा, मजुरी.
मग देऊळ. मग मानशीच्या फळ्या, सुताराचं भात.
तळाला उरेल ते गांवकारांत वाटायचं, झोण म्हणून.
गेल्या वर्षी माझ्या भावाला, गुरुदासला, सदतीस रुपये आले.
खर्चले नाहीत त्यानं, पाकिटात वेगळे ठेवलेत.
मला नाहीत. मुलींना झोण नसतो.
राज्याचं देणं मी पैशापर्यंत सांगू शकते,
गावच्या वहीत माझं नाव नाही.

आमच्याही वहीला क्रम आहे.
आधी व्याज. मग पगार, पेन्शन, विजेचं बिल,
मग जुनं कर्ज, जे नव्यानं फेडायचं.
जमेच्या बाजूला दारू, कॅसिनो, खनिजाची रॉयल्टी.
बार्जेस चालल्या की रॉयल्टीचा रकाना फुगतो,
आणि बार्ज वळताना उठलेली लाट
सरळ जाऊन आमच्या बांधाला लागते.
तिला रकाना नाही.

श्रावणातल्या अमावास्येला बांध फुटला, बारा हात.
कोरगुटाचं भात पोटरीवर आलेलं.
कोरगुट खारं सोसतो,
पण आठ दिवस बुडून राहणं त्यालाही जमत नाही.
फोंदूकाकांचा फोन: "बाये, तुमच्याकडे कोटी असतात गो."
असतात.
बेचाळीस लाखांचा अंदाज फिरत फिरत
तिसऱ्या आठवड्यात माझ्याच टेबलावर आला.
मी शेरा लिहिला: निधीच्या उपलब्धतेस अधीन राहून.
व्याकरण बरोबर होतं.

रविवारी फोंड्याहून पहिल्या बसनं गेले.
कायताननं पुढच्या पावणीचे म्हणून दहा हजार आगाऊ ठेवलेले,
"हरलो तर परत द्या," एवढीच अट.
त्यातून पेंढा आला, दोन होड्या चिखल.
बाकी हात होते. वेंकूनं टोपली पुढे केली.
विसरलेच होते मी, चिखल किती जड असतो;
डोक्यावर घेतला की मानेतून थेट टाचेत उतरतो,
दशांश वगैरे काही नाही त्याला.

दुपारी फोंदूकाकांनी वही उघडली, चष्मा पुसला.
"नाव कसं लावू? बापाचं की घोवाचं?"
"नुसतं सुलक्षा लिहा."
लिहिलं. खर्चाच्या बाजूला, बांधाखाली:
सुलक्षा, अर्धा दिवस, अडीचशे.
"पैसे पावणी झाल्यावर," म्हणाले, आणि शाई वाळेपर्यंत फुंकत राहिले.

म्हणजे गावानं माझ्याकडून कर्ज काढलं.
मुदत पावणीपर्यंत.
व्याजाचं काही बोलणं झालं नाही.